गोवा हायवेवर लेन-कीप असिस्ट मध्येच का सुटतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नव्या गाडीतलं लेन-कीप असिस्ट, म्हणजे गाडीला लेनमध्ये धरून ठेवणारी यंत्रणा, चालू असताना ती समृद्धीवर लेनमधून जराही हलली नाही. तीच गाडी गणपतीला गावी जाताना महाडच्या पुढे वारंवार लेन सोडत होती, आणि दोनदा तर स्टिअरिंग भलत्याच बाजूला ओढलं गेलं. सर्व्हिस सेंटरने स्कॅनर लावून ‘गाडीत काही फॉल्ट नाही’ असं सांगून परत पाठवलं. मग चूक कुठे आहे?

मी पुण्यात याच यंत्रणांच्या रस्त्यावरच्या चाचण्या करतो. माझा अंदाज असा की सर्व्हिस सेंटरने सांगितलं ते खरं आहे, पण अर्धंच. स्कॅनरला सेन्सर बिघडलेला दिसतो, रस्ता बिघडलेला दिसत नाही. शिवाय तुम्ही गणपतीला गेलात म्हणजे गाडी भरलेली असणार. त्याचाही या प्रकरणात हात आहे, त्याकडे पुढे येतो.

आधी एक गोष्ट नीट समजून घ्या. लेन सांभाळणारी यंत्रणा रस्ता बघत नाही, ती रस्त्यावरचा रंग बघते. आरशामागे काचेला चिकटून बसलेला एक कॅमेरा समोरच्या चित्रात गडद पृष्ठभागावरच्या उजळ, लांब, एकमेकींना साधारण समांतर जाणाऱ्या दोन रेषा शोधतो. त्या रेषांवरून तो लेनची रुंदी, वळण आणि लेनमधली तुमची जागा ठरवतो, आणि प्रत्येक रेषेला मनातल्या मनात गुण देतो: ही रेष खरी असल्याची मला किती खात्री आहे? खात्री ठरावीक पातळीच्या खाली गेली की यंत्रणा हात काढून घेते. पुढे चालणारी गाडी ओळखायला रडारची मदत मिळते. रंगाचा पट्टा रडारला दिसत नाही. त्यामुळे पट्ट्यांच्या बाबतीत सगळा भार या एका डोळ्यावर असतो.

इथेच एक मोठा धोका लपलेला आहे, आणि गाडी विकताना तो कुणी समजावून सांगत नाही. अॅडॅप्टिव्ह क्रूझ (पुढच्या गाडीपासूनचं अंतर राखत वेग सांभाळणारं) आणि लेन सेंटरिंग (गाडीला लेनच्या मध्यावर ठेवणारं) बऱ्याच गाड्यांमध्ये एकाच बटणावर चालू होतात म्हणून लोकांना ती एकच गोष्ट वाटते. पण कॅमेऱ्याला पट्टे दिसेनासे झाले तर लेन सुटते आणि क्रूझ मात्र बऱ्याच गाड्यांमध्ये चालूच राहतं. वेग १०० चा, पुढच्या गाडीपासूनचं अंतर व्यवस्थित राखलेलं, आणि स्टिअरिंग कुणाच्याच ताब्यात नाही. १०० च्या वेगाला गाडी एका सेकंदात २८ मीटर जाते. डॅशबोर्डवरचं छोटं चिन्ह हिरव्याचं राखाडी झालं हे लक्षात यायला दोन सेकंद लागले, तर तेवढ्यात पन्नास-पंचावन्न मीटर मागे पडले.

आता पट्ट्यांकडे येऊ, कारण खरं दुखणं तिथेच आहे.

आपल्या महामार्गांवरचे पट्टे साध्या रंगाचे नसतात. थर्मोप्लास्टिक वितळवून गरम गरम ओततात. केंद्रीय रस्ते मंत्रालयाच्या मानकांप्रमाणे त्याचा थर २.५ मिलिमीटरचा असावा लागतो. तो थर ओला असतानाच त्यावर काचेचे बारीक मणी पसरतात, चौरस मीटरला २५० ग्रॅम. बहुतेक मणी एक मिलिमीटरपेक्षा लहान. हेडलाइटचा प्रकाश मण्यात शिरतो, मागच्या रंगावर आपटतो आणि आला त्याच दिशेने परत फिरतो. म्हणून रात्री पट्टा ‘पेटलेला’ दिसतो. मणी साधारण निम्मा किंवा त्याहून किंचित जास्त रंगात रुतलेला हवा. पूर्ण बुडाला तर प्रकाश परत पाठवत नाही, आणि नुसता वर टेकला असेल तर थोड्याच दिवसांत ट्रकची चाकं त्याला उखडून नेतात. रंग किती तापवला, मणी टाकायला किती वेळ लावला, खालचा रस्ता झाडून घेतला होता का, एवढ्या साध्या गोष्टींवर पट्ट्याचं आयुष्य ठरतं. दिवसा चांगला आणि वाईट, दोन्ही पट्टे सारखेच पांढरे दिसतात. फरक कळतो तो रात्री. एखाद्या पेट्रोल पंपाच्या आवारात किंवा सोसायटीच्या पार्किंगमध्ये अशा पट्ट्यावर डोळ्यांजवळ टॉर्च धरून बघा. चांगला पट्टा एकसंध चमकतो, वाईट पट्ट्यावर फक्त कडेला, जिथे चाक जात नाही तिथे, चमक उरलेली दिसते.

युरोपात रस्त्याच्या खुणांवर काम करणाऱ्यांनी बऱ्याच वर्षांपूर्वी एक सोपा आकडा पुढे ठेवला: पट्टा किमान १५० मिलिमीटर रुंद हवा, आणि परत फेकलेल्या प्रकाशाचं मोजमाप कोरड्या रस्त्यावर किमान १५० आणि ओल्यावर किमान ३५ यायला हवं. कॅलिफोर्नियाने २०१७ मध्ये लेनच्या रेषेवर बसवायची जुनी गोल बटणं बंद करायला घेतली आणि पट्टे रुंद केले. त्यामागे कॅमेऱ्यांवर चालणाऱ्या गाड्या हे एक कारण होतं. आपल्याकडेही रस्त्यावर बटणं असतात, पण प्रकाश परत फेकणारी, आपण त्यांना कॅट्स आय म्हणतो. पावसाळी रात्री माणसाच्या डोळ्याला त्यांचा फार मोठा आधार असतो. कॅमेऱ्याला मात्र त्या सुट्या ठिपक्यांवरून लेन बांधणं जड जातं, म्हणून तुम्हाला रस्ता दिसतोय तर गाडीलाही दिसत असेल असं धरून चालू नका.

वरचे १५० आणि ३५ हे आकडे शेजारी ठेवून बघा. चांगल्या पट्ट्याकडूनसुद्धा ओल्या रस्त्यावर कोरड्याच्या पावपट चमक मिळाली तरी ठीक, असं तज्ज्ञांनीच मान्य केलेलं आहे. कारण पाण्याचा पातळ पापुद्रा मण्यांवर बसतो आणि प्रकाश आत शिरण्याऐवजी आरशावरून घसरावा तसा पुढे निघून जातो. पट्टा काळवंडतो, आणि त्याच वेळी ओलं डांबर समोरच्या गाड्यांचे हेडलाइट, ढाब्याच्या ट्यूब, आकाश, सगळं परावर्तित करून उजळतं. ज्या फरकावर कॅमेरा जगतो तोच पुसला जातो. महाडपासून पुढे ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये हे असंच असतं. त्यात डोंगर कापलेल्या ठिकाणांहून वाहून आलेली तांबडी माती डाव्या कडेच्या पट्ट्यावर साचते, आणि एकाच बाजूची रेष नाहीशी होते. एका रेषेवर काही गाड्या थोडा वेळ निभावून नेतात, काही लगेच सोडून देतात. तुमची गाडी वारंवार सोडत होती याचं बहुधा हेच कारण.

लेन सुटणं त्रासदायक असलं तरी त्यात एक प्रामाणिकपणा आहे. यंत्रणा सांगते, मला दिसत नाही, तू बघ. मला जास्त काळजी वाटते ती दुसऱ्या प्रकाराची, म्हणजे यंत्रणेला खोटी रेष खरी वाटते तेव्हाची. तुमचं स्टिअरिंग भलतीकडे ओढलं गेलं, ते या दुसऱ्या प्रकारात बसतं.

नव्या इंजिनिअरना मी चाचणीतला एक छोटा तुकडा मुद्दाम दाखवतो. काँक्रीटचा रस्ता, गाडी पश्चिमेकडे चाललेली, सूर्य मावळतीला टेकलेला. काँक्रीटचा रंग आधीच फिका, त्यावर जुना पांढरा पट्टा, म्हणजे पांढऱ्यावर पांढरं. त्या पट्ट्याच्या आतल्या बाजूला अर्ध्या मीटरवर स्लॅबची लांबच लांब भेग डांबरी मसाला भरून बुजवलेली. दुपारी ती भेग काळी दिसते आणि कॅमेरा तिला ओलांडून बरोबर पांढरा पट्टा धरतो. पण तिरप्या उन्हात तो गुळगुळीत मसाला चमकायला लागतो आणि पांढऱ्या पट्ट्यापेक्षा उजळ दिसतो. चित्रावर उमटलेली हिरवी रेष एका क्षणी पट्ट्यावरून उचलली जाते आणि भेगेवर जाऊन बसते. लेनची रुंदी साडेतीन मीटर होती ती तीन झाली. तीन मीटरची लेन जगात असते, त्यामुळे यंत्रणेला शंका आली नाही. खात्रीचे गुण उलट वाढले. डावी रेष अर्धा मीटर आत आली म्हणजे लेनचा मध्य पाव मीटर उजवीकडे सरकला, आणि गाडी तेवढी उजवीकडे, दुभाजकाच्या दिशेने निघाली. सगळं कसं शांतपणे, कुठलाही इशारा न देता. पाव मीटर ऐकायला थोडंच वाटतं. शेजारून बस जात असेल तर ते थोडं नसतं.

अशा खोट्या रेषा आपल्या रस्त्यांवर भरपूर आहेत. काँक्रीटच्या दोन पट्ट्यांमधला उभा सांधा. जुन्या डांबराला नवं डांबर जोडल्याची कडा. लेन बदलल्यावर खरवडून काढलेला पण ओल्यात पुन्हा दिसू लागणारा जुना पट्टा. काळा रंग फासून ‘मिटवलेला’ पट्टा, जो तिरप्या प्रकाशात चकाकतो. सकाळ-संध्याकाळी क्रॅश बॅरियरची रस्त्यावर पडणारी सरळसोट सावली. अलीकडच्या यंत्रणा प्रशिक्षित न्यूरल नेटवर्कवर चालतात, त्या सावलीला पूर्वीसारख्या फसत नाहीत, पण त्यांनी जे रस्ते शिकताना पाहिले ते कुठले होते यावर पुष्कळ अवलंबून असतं. जर्मनीत काम चालू असलेल्या रस्त्यावर तात्पुरते पट्टे पिवळे मारतात आणि पिवळा असेल तर पांढरा विसरायचा असा नियमच आहे. तिथल्या यंत्रणेला तो भेद शिकवता येतो. आपल्याकडे डायव्हर्जनवर प्लास्टिकची पिंपं, काँक्रीटचे ठोकळे, वाळूची पोती आणि एखादा झेंडा घेतलेला मुलगा असतो. जुने पट्टे सरळ पुढे जात राहतात, वाहतूक मात्र डावीकडे वळते. गोवा हायवेचं चौपदरीकरण वर्षानुवर्षं तुकड्यातुकड्यांनी चाललेलं, त्यामुळे चांगलं काँक्रीट आणि डायव्हर्जन आलटून पालटून येतात. अशा ठिकाणी कॅमेरा पट्ट्याशी इमान राखेल आणि तुम्हाला ठोकळ्यांकडे नेईल. डायव्हर्जनचा पहिला बोर्ड दिसला की लेन सेंटरिंग बंद. यात मी कसलीही सवलत देणार नाही.

तीच गोष्ट टोलनाक्याच्या अलीकडे आणि जिथे बाहेर पडायची लेन फुटते तिथे. डावा पट्टा डावीकडे वळत निघून जातो, मधली तुटक रेष सुरू व्हायला थोडं अंतर लागतं, आणि त्या मोकळ्या जागेत गाडी डाव्या पट्ट्याच्या मागे जाऊ शकते.

घाटाबद्दल एक साधं गणित सांगतो. युरोपातले देश ज्याला मानतात त्या संयुक्त राष्ट्रांच्या नियम क्रमांक ७९ मध्ये लेन सांभाळणाऱ्या यंत्रणेने कारला वळणावर किती जोर लावायचा याची कमाल मर्यादा आहे: आडवा प्रवेग ३ मीटर प्रति सेकंद वर्ग. त्यावरून ताशी १०० किलोमीटरला सुमारे २६० मीटर त्रिज्येपेक्षा तीव्र वळण तिच्या आवाक्याबाहेर, आणि ६० ला सुमारे ९३ मीटर. बरेच उत्पादक त्याहून खालीच थांबतात. घाटातल्या हेअरपिनची त्रिज्या १५-२० मीटर असू शकते. म्हणजे परशुराम घाटात किंवा जुन्या कशेडी घाटात पट्टे आरशासारखे स्वच्छ असते तरी ही यंत्रणा तिथे कामाची नव्हती. कशेडीचा नवा बोगदा हा वेगळा प्रकार आहे. आत पाऊस नाही, घाटासारखी वळणं नाहीत, काम बरं होतं. पण भर उन्हातून आत शिरताना आणि बाहेर पडताना कॅमेऱ्याला प्रकाशाशी जुळवून घ्यायला क्षणभर लागतो. समृद्धीवरच्या इगतपुरीजवळच्या जवळजवळ आठ किलोमीटरच्या बोगद्यालाही हेच लागू. तोंडाशी हात घट्ट ठेवा. खंडाळ्याच्या धुक्यात तर काही बोलायलाच नको.

रस्त्याच्या पृष्ठभागाचाही वाटा आहे, पण लोक समजतात त्यापेक्षा वेगळ्या रीतीने. खड्डा कॅमेऱ्याला लेनच्या हिशेबात दिसतच नाही. तुम्ही खड्डा चुकवायला इंडिकेटर न देता सरकलात तर यंत्रणेला वाटतं गाडी भरकटली, आणि ती तुम्हाला परत खड्ड्याकडे ढकलते. नियम ७९ प्रमाणे तिला हाताने मोडून काढायला ५० न्यूटनपेक्षा जास्त जोर लागता कामा नये, म्हणजे साधारण पाच किलो वजनाएवढा. त्यामुळे ती तुम्हाला अडवू शकत नाही, पण दचकवते. डाव्या कडेने चाललेल्या दुचाकीला जागा द्यायला तुम्ही उजवीकडे सरकता तेव्हाही असंच. इंडिकेटर दिला की यंत्रणा गप्प बसते, ही सवय लावून घ्या. जड वाहनांनी डांबरात पाडलेल्या चाकोऱ्या चाकांना एका बाजूला धरून ठेवतात, आणि कोकणासारख्या भरपूर पावसाच्या भागात पाणी निघून जावं म्हणून रस्त्याला कडेकडे दिलेला अडीच टक्क्यांपर्यंतचा उतार गाडीला सतत डावीकडे ओढत राहतो. चांगली यंत्रणा हे भरून काढते. मात्र ती अचानक सुटली की तो भरून काढणारा जोरही त्याच क्षणी जातो, आणि गाडी ‘डावीकडे फेकली’ असं वाटतं. तुम्ही सांगितलेल्या दोन धक्क्यांपैकी एखादा असाही असू शकेल.

आता भरलेल्या गाडीबद्दल. कॅमेरा जमिनीपासून साधारण १.३ मीटरवर असतो. तिथून ४० मीटर पुढचा रस्त्यावरचा बिंदू क्षितिजाच्या खाली दोन अंशांपेक्षाही कमी, नेमका १.८६ अंशांवर दिसतो. मागे तिघं बसली, डिकीत सामान कोंबलं, टपावर कॅरिअर चढवलं, आणि गाडीचं नाक एक अंशाने वर गेलं असं धरा. आता तोच बिंदू कॅमेऱ्याच्या चौकटीत आणखी एक अंश खाली सरकतो, आणि कॅमेऱ्याला तो ४० ऐवजी २६ मीटरवर वाटतो. अंतर चुकलं की लेनची रुंदी आणि वळणाचा अंदाजही चुकतो. चांगल्या यंत्रणा दोन्ही पट्टे क्षितिजाकडे जाऊन कुठे मिळतात ते बघून हा कल चालता चालता दुरुस्त करतात. पण त्यासाठी काही काळ सलग, सरळ, स्वच्छ पट्टे लागतात. समृद्धीवर ते मिळतात. महाडच्या पुढे दुरुस्ती पूर्ण व्हायच्या आत पट्टेच संपतात. समृद्धीवर तुम्ही गेलात तेव्हा गाडीत किती माणसं होती, हे आठवून बघा.

सर्व्हिस सेंटरला पुन्हा जाल तेव्हा ‘लेन-कीप चालत नाही’ एवढंच सांगू नका. तीन गोष्टी विचारा. पुढची काच कधी बदलली आहे का, आणि बदलली असेल तर कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशन, म्हणजे त्याची दिशा पुन्हा जुळवून घेणं, केल्याची नोंद आहे का? काच बसवताना कॅमेरा आडवा एक अंशाने फिरला तर ५० मीटरवर जवळपास ८७ सेंटिमीटरची चूक होते. एवढ्याने लेनचा पाव भाग इकडचा तिकडे होतो. दुसरं, चाकांचं अलाइनमेंट केल्यावर स्टिअरिंग अँगल सेन्सर (स्टिअरिंग किती वळलंय ते मोजणारा) शून्यावर आणला का? खड्ड्यांत आपटलेल्या गाडीचं अलाइनमेंट होतं आणि हे नेमकं राहून जातं. तिसरं, कॅमेऱ्याच्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आहे का? २०२१ पासून अॅस्टर, एक्सयूव्ही ७०० अशा गाड्यांबरोबर ही सोय आपल्याकडे सर्वसामान्य खरेदीदारापर्यंत पोहोचली, आणि भारतीय रस्त्यांची ओळख यंत्रणांना अजून होतेच आहे. काचेचा कॅमेऱ्यासमोरचा भाग आतून आणि बाहेरून स्वच्छ ठेवा, वायपरचं रबर पावसाळ्याआधी बदला. झिजलेला वायपर नेमका तिथेच पाण्याची कमान सोडतो.

या तिन्ही गोष्टी ठीक निघाल्या, तर गाडी रिकामी करून, कोरड्या दिवशी, पट्टे चांगले असलेल्या रस्त्यावर एकदा चालवून बघा. तिथे ती बरोबर चालली तर गाडीवर संशय घेऊ नका. तिथेही एकाच बाजूला ओढत असेल, तर मात्र कॅलिब्रेशन मागून घ्या, आणि ‘फॉल्ट कोड नाही’ हे उत्तर मान्य करू नका. कॅमेरा थोडा फिरलेला असला तरी कोड येतोच असं नाही.

रस्त्याकडेही आपण मागणी करायला हवी, आणि हे मी कळकळीने सांगतो. डांबर, काँक्रीट, पूल यांवर कोट्यवधी खर्च होतात आणि पट्टे हे शेवटी उरकायचं काम समजलं जातं. पट्टा अपुऱ्या मण्यांचा असेल तर पहिला पावसाळा संपता संपता त्याची रात्रीची चमक गेलेली असते. तो फक्त महागड्या गाड्यांच्या कॅमेऱ्यासाठी नाही. रात्री पावसात एका हेडलाइटवर चालणाऱ्या दुचाकीवाल्याला, चाळिशी ओलांडलेल्या एसटी चालकाला तोच पट्टा लागतो. राष्ट्रीय महामार्गावर पट्टा गेलेला, चुकीचा जुना पट्टा उघडा पडलेला किंवा डायव्हर्जन बिनखुणांचं दिसलं, तर किलोमीटरच्या दगडाचा आकडा लक्षात ठेवा आणि १०३३ वर कळवा, किंवा गाडी थांबवून राजमार्गयात्रा अॅपवर फोटो टाका. तुमच्या डॅशकॅममध्ये तो धक्का बसल्याचा भाग असेल तर तोही जपून ठेवा. सर्व्हिस सेंटरच्या इंजिनिअरला स्कॅनरच्या कागदापेक्षा त्या वीस सेकंदांतून जास्त कळेल.